१९४२ मधला मुंबईचा गुप्त काँग्रेस रेडिओ बंद कसा पडला?

आतल्याच एका तंत्रज्ञाने पोलिसांना पत्ता दिला म्हणून. ऑगस्ट १९४२ मध्ये नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि सोबत्यांनी ४२.३४ मीटर तरंगलांबीवर हे केंद्र सुरू केलं. राममनोहर लोहियांचीही साथ मिळाली. माग लागू नये म्हणून ट्रान्समीटर सतत या घरातून त्या घरात हलवत. विदर्भातल्या चिमूर-आष्टी गावांतले, सरकारने दडपलेले अत्याचार या केंद्राने लोकांपर्यंत पोचवले, आणि माझ्या मते तेच त्याचं सर्वांत मोठं काम. जेमतेम अडीच-तीन महिने ते चाललं. १२ नोव्हेंबरला धाड पडली. महिनोन्‌महिने चौकशी होऊनही उषाताईंनी तोंड उघडलं नाही (केवढी हिंमत!). त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ मध्ये त्या येरवड्यातून सुटल्या.