पाच चिठ्ठ्या आणि एक रेघ

“मॅडम, हे तुम्हीच एकदा बघा. चौदा वर्षांच्या मुलीनं वाचायचं पुस्तक आहे का हे?”

आईंनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. पोलीस पंचनाम्यातली वस्तू ठेवतात तसं. एका मुलाच्या बारा ते सोळा या वयातली कादंबरी होती ती. पुस्तकातून पाच पिवळ्या चिठ्ठ्या डोकावत होत्या. आईंनी आक्षेपार्ह पानं खुणा करून आणली होती: दोन ठिकाणी शरीरसंबंधांचा उल्लेख, एके ठिकाणी दारू, दोन ठिकाणी शिव्या.

तक्रार अशी, की दीड महिन्यापूर्वी लेकीने हे पुस्तक वाचलं आणि तेव्हापासून ती बदलली. वडिलांशी बोलत नाही. जेवताना मान वर करत नाही. “आधी इतकी निरागस होती हो. या पुस्तकानंच वाट लावली.”

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. माणसं जात्याच चांगली नसतात, मोठे खोटं बोलतात, असलं काही मुलांच्या वाचनात आलं की आईबाप हबकतात. गंमत म्हणजे मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (2004) वाचून स्वतः हळवे झालेले पालकसुद्धा मुलाच्या दप्तरात तशीच कादंबरी दिसली की दचकतात. आपलं वयात येणं गोड आठवणीत जमा झालेलं असतं, मुलाचं मात्र संकट वाटतं. (पुढची हकिगत त्या कुटुंबाच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.)

मुलगी आत आली तेव्हा मी आधी माझं नेहमीचं सांगितलं. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला आईबाबांना सांगावं लागेल. मग झोप, भूक, शाळा, मैत्रिणी. स्वतःला इजा करावीशी वाटते का, जगणं नको वाटतं का, हेही सरळ विचारलं. असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसलेला विचार येतो, ही भीती खोटी आहे; उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं होतं. तिचं उत्तर ‘नाही’ होतं. शाळा, मैत्रिणी सगळं ठीक चाललं होतं. अडचण फक्त घरात होती.

आणि मग मी चूक केली. आईंच्या चिठ्ठ्यांमागे गेले. त्या पानांवरचं वाचून काही त्रास झाला का, कुणी तुझ्याशी तसं काही वागलं का, असं अंदाज घेत विचारत राहिले. वडिलांशी अबोला म्हटल्यावर ते विचारणं भागही होतं. तिने नाक मुरडलं. “ती पानं? ती मी सोडूनच दिली. बोअर होती.”

पुढची दहा मिनिटं आम्ही दोघी गप्प होतो. मी उगाच पुस्तक चाळत बसले, तेव्हा रेघ दिसली. चिठ्ठी नसलेल्या एका पानावर समासात पेन्सिलीने उभी ओढलेली. इतकी दाबून, की पुढच्या पानावर तिचा वळ उमटला होता. त्या पानावर वर्गात एका मुलावर चोरीचा आळ येतो. ती चोरी त्याने केलेली नाही हे नायकाला ठाऊक असतं. शिक्षक वर्गाला विचारतात. नायक मान खाली घालून बसून राहतो. बस, एवढंच.

“ही रेघ तुझी?”

ती रडायला लागली. मग तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. तिच्या आजीला विस्मरणाचा आजार. घरी सांभाळणं हाताबाहेर गेलं, तेव्हा वडिलांनी आजीला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवलं. आजीला सांगितलं, “तपासण्या आहेत, चार दिवसांत परत आणतो.” गाडीत मागच्या सीटवर आजी नातीचा हात धरून बसली होती. वाटेत आजीने विचारलं, “चार दिवसच ना गं?” समोरच्या आरशात वडिलांचे डोळे दिसत होते. आणि ही म्हणाली, “हो आजी.”

दीड महिना ती वडिलांशी बोलत नव्हती ती यामुळे. पण वडिलांवरचा राग हा वरचा पापुद्रा होता. आतलं तिने अगदी शेवटी सांगितलं. “बाबा खोटं बोलले ते ठीक आहे, मोठे बोलतात. आजीनं मला विचारलं होतं. तिला बाबांवर विश्वास नव्हता म्हणून मला विचारलं.”

वयात येण्याच्या कादंबऱ्यांबद्दल लोक म्हणतात, की त्यांत मुलाला जग वाईट असल्याचं कळतं. माझं मत थोडं वेगळं आहे. त्यातल्या चांगल्या कादंबऱ्यांत मुलाला त्या वाईटात स्वतःचाही हात सापडतो. विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मध्ये (1954) बेटावर अडकलेली मुलं रात्रीच्या नाचाच्या उन्मादात सायमनला ठार करतात. दुसऱ्या दिवशी पिगी स्वतःची समजूत घालतो, की तो अपघात होता, आपण कडेला होतो. राल्फ मात्र त्याला खून म्हणतो. माझ्यासमोर बसलेली मुलगी राल्फ होती, आणि आजूबाजूचे आम्ही सगळे पिगी.

मग पुस्तकाने नेमकं काय केलं? डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने 1967 मध्ये कुमारवयाच्या एका समजुतीबद्दल लिहिलं: मला जे वाटतं ते जगात दुसऱ्या कुणाला वाटलेलंच नाही. प्रेमात ही समजूत गोड लागते, अपराधी भावनेत ती माणसाला एकटं पाडते. आजीच्या प्रसंगानंतर ही मुलगी दोन आठवडे नेहमीसारखी वागत होती, आतून कुढत. मग ते पान आलं. आपल्यासारखाच गप्प बसलेला आणखी एक जण भेटला. तिचं गप्प होणं पुस्तकानंतर सुरू झालं हे आईंचं निरीक्षण बरोबर होतं. कारण तेवढं चुकलं.

मुलीच्या संमतीने आईंना हे सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ चिठ्ठ्यांकडे बघत बसल्या. “मग हे मी वाचू द्यायचं?”

सगळंच वाचू द्या, असं मी म्हणणार नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती काहीही द्यावं या मताची मी नाही. शरीरसंबंधांचा उल्लेख आला असेल तर त्यावर घरात बोलणं व्हायलाच हवं, पुस्तक कपाटात कोंडून ते होत नाही. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टी सुटल्या असतील किंवा मरणाची भाषा येत असेल, तर पुस्तकावर वाद घालत बसू नका, तज्ज्ञाकडे जा. मरणाची भाषा असेल तर दोन आठवडे थांबायचंही नाही. पण एरवी पुस्तक हातात घेऊन ‘हे कशाला वाचतेस?’ असं विचारण्यापेक्षा ‘तुझं पान कुठलं?’ विचारा. पहिल्या प्रश्नाला मुलं फक्त बचाव करतात.

जे. डी. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’मधल्या (1951) सोळा वर्षांच्या होल्डनला कड्याच्या काठावर उभं राहून पडणाऱ्या मुलांना झेलायचं असतं. शेवटाकडे धाकटी बहीण मेरी-गो-राउंडच्या फिरत्या घोड्यावरून, बाजूला लावलेलं सोनेरी कडं पकडायला हात लांब करते. ती पडेल याची त्याला धास्ती वाटते, तरी तो काही बोलत नाही. आईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “त्याला काय जातंय, तो भाऊ आहे.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वडील तिसऱ्या भेटीला आले. मला वाटलं होतं ते खर्च, नोकरी, डॉक्टरांचा सल्ला सांगतील. ती कारणं खरीही होती. पण मुलीकडे न बघता ते म्हणाले, “आरशात मी तुला बघत होतो. तू हो म्हणावंस असंच मला वाटत होतं.”

त्या दिवशी तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. माफ वगैरे केलं नाही. “मला आजीला खरं सांगायचंय,” एवढंच म्हणाली. आजीच्या लक्षात राहणार नाही, उगाच घाबरेल, असं वडील म्हणाले. तेही खरं होतं. बऱ्याच घासाघिशीनंतर ठरलं, की आपणहून विषय काढायचा नाही, पण आजीने विचारलं तर खोटं बोलायचं नाही.

आजीने विचारलं. “चार दिवस झाले का गं?”

“नाही आजी, तू आता इथंच राहणार आहेस. मी दर रविवारी येईन.”

आजी थोडा वेळ रडली, मग विसरली. पुढच्या रविवारी तिने पुन्हा तेच विचारलं.