हा ‘चारशेवीस’ नेहमी खरं बोलतोच असं नाही

प्रश्न : काका, माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ८८ हजार किलोमीटर झालेत. २०१९ मध्ये बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलं. रोज मुलुंड ते भांडुप, शाळेत जायला-यायला. जुलैत डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला, तो लागलेलाच आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी ०४२०. ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा डबा) गेला’ म्हणून ४६ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. बाहेरचा गॅरेजवाला दुसऱ्या कंपनीचा १४ हजारांत बसवतो म्हणतो. तिसरा म्हणतो, दीड हजार द्या, आतली जाळीच काढून टाकतो, पिकअप वाढेल. गाडीला पावणेदोन लाख द्यायला एकजण तयार आहे. बदलू की विकू? एप्रिलमध्ये पीयूसी पास झालंय. सकाळी सीएनजीवर गेल्या गेल्या गाडी जरा झटके देते, बाकी तक्रार नाही.
— एक शिक्षिका, मुलुंड (पूर्व)

उत्तर : ताई, पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलीत. सकाळचे झटके. तिघांपैकी एकानेही त्याबद्दल विचारलं नसणार, पैज लावतो.

आधी कोडचं बघू. आमच्या गॅरेजात पोरं त्याला ‘चारशेवीस’च म्हणतात आणि तो नावाला जागतो. तुमच्या गाडीत दोन ऑक्सिजन सेन्सर आहेत, एक कन्व्हर्टरच्या आधी, एक नंतर. पुढच्याचं व्होल्टेज सारखं खालीवर नाचतं, ०.१ ते ०.९ च्या दरम्यान. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत बसून राहतो. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की कॉम्प्युटर चारशेवीस लिहून मोकळा होतो. पण मागचा सेन्सर म्हातारा झाला असेल, किंवा मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं, गॅस्केट फुटून बाहेरची हवा आत ओढली जात असेल, तरी हेच दिसतं. स्कॅनरने कोड वाचायला दोन मिनिटं लागतात. लाइव्ह डेटा लावून सेन्सर बघत बसायला अर्धा तास जातो. तो अर्धा तास तुमच्या गाडीला कोणी दिलाय असं एस्टिमेटवरून वाटत नाही.

आता माझी चूक सांगतो. प्रभादेवीला गॅरेज टाकून मला तीस वर्षं होत आली, पण ही गोष्ट फार जुनी नाही. गिरगावातल्या एका गृहस्थांची गाडी आली, हाच कोड. मी नवा कोरा ओरिजिनल कन्व्हर्टर चढवला, दिवा गेला, ते खूश, मीही खूश. चार महिन्यांत गाडी परत दारात, चढावर दम टाकणारी. नवा कन्व्हर्टर उतरवून कापला. आत चिनीमातीसारखा ठोकळा असतो, मधमाश्यांच्या पोळ्यागत, चौरस इंचाला साधारण चारशे भोकं, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ लेप. त्या ठोकळ्याचा मधला भाग वितळून चिक्कीच्या पाकासारखा गोठला होता. भोकंच बुजलेली, धूर जाणार कुठून? एक इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारी, अधूनमधून मिसिंग मारत होती, ठिणगीच चुकवत होती. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जायचं आणि कन्व्हर्टरमध्ये पेटायचं. मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. दुसरा कन्व्हर्टर माझ्या खिशातून घातला. तो कापलेला तुकडा अजून टेबलावर आहे, बिलं उडू नयेत म्हणून ठेवतो. बायको म्हणते, मुंबईतला सगळ्यात महाग पेपरवेट.

म्हणून तुमच्या झटक्यांकडे माझं लक्ष गेलं. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते, त्यामुळे झिजलेले प्लग पेट्रोलवर निभावून नेतात आणि सीएनजीवर उघडे पडतात. प्लग कधी बदलले ते तुम्ही लिहिलं नाही. किट बसवल्यापासून तेच असतील तर एवढ्यानेच अर्धा प्रश्न सुटू शकतो.

तर क्रम असा ठेवा. प्लग, सीएनजीचा फिल्टर आणि किटचं ट्यूनिंग. मॅनिफोल्डच्या जोडावर काळे डाग दिसतात का ते बघायला सांगा. लीक असेल तर सकाळी गार इंजिन चालू करताना तिथे फटफट असा बारीक आवाजही येतो. माझ्याकडे हे सगळं साडेतीन हजारांच्या आत बसतं. इंजिन ऑइल कमी होतंय का, तेही विचारून घ्या, कारण जळणाऱ्या ऑइलची राख त्या लेपावर बसली की लेप मेला. मग कोड पुसा आणि गाडी पेट्रोलवर घेऊन ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने घाटकोपरपर्यंत जाऊन या. कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांना तापल्याशिवाय कामालाच लागत नाही, गार गाडीवर केलेली तपासणी फुकट. परत आल्यावर इंजिन २,५०० आरपीएमवर धरून मागचा सेन्सर तुमच्यासमोर बघायला सांगा. शांत असेल तर घरी जा. नाचत असेल, तर लीक नाही आणि सेन्सर ठीक आहे याची खात्री करूनच कन्व्हर्टरला दोषी धरा.

एप्रिलचं पीयूसी जुलैत लागलेल्या दिव्याबद्दल काही सांगत नाही. पुन्हा काढा आणि नुसतं ‘पास’ वाचू नका, आकडे वाचा. तुमच्या बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम एवढीच सूट आहे. काठावर आलात तर समजून जा.

दिवा नुसता लागलेला आहे तोवर शाळा बुडवू नका. लुकलुकायला लागला तर मात्र गाडी बाजूला घ्या, तेव्हा मिसिंग जोरात असतं आणि कन्व्हर्टर भाजला जात असतो.

खरंच गेला असेल तर? पावणेदोन लाखांच्या गाडीत ४६ हजार म्हणजे चौथा हिस्सा. तुमच्या गाडीची पंधरा वर्षं २०२९ मध्ये भरतात. त्यानंतर आरटीओत पुन्हा पासिंग, फी आणि पर्यावरण कर भरून गाडी ठेवायची असेल, तर ओरिजिनल घाला. दोनेक वर्षांत बदलायची असेल तर १४ हजारांचा, पण पक्कं बिल आणि वर्षाची लेखी वॉरंटी घेऊनच. स्वस्तात लेप कमी असतो, वर्षाच्या आत चारशेवीस परत आलेला मी पुष्कळदा पाहिलाय. आत्ताच विकायची असेल तर घेणाऱ्याला दिव्याचं सांगून विका, कोड पुसून नको.

जाळी काढणाऱ्याच्या दारात मात्र पाऊल टाकू नका. दिवा तसाच राहतो, पीयूसी फेल जातं, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचा दंड दहा हजारांपर्यंत गेलाय. आणि तुमची गाडी सकाळी सुरू होते ती शाळेच्या फाटकाशी जाऊन थांबते. धूर पोरांच्या नाकाच्या उंचीवर.

प्रश्न : कन्व्हर्टर बदलला. जुना मागितला तर गॅरेजवाला म्हणाला, ‘भंगार आहे साहेब, टाकून दिला.’ खरं असेल?
— एक वाचक, वडाळा

उत्तर : टाकला असेल, पण कचऱ्यात नाही. २०२१ मध्ये आतल्या लेपातल्या ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटींहून वर गेला होता, तेव्हापासून भंगारवाले कन्व्हर्टर आला की आधी खोक्यावरचा नंबर वाचतात. ओरिजिनलला चांगले पैसे येतात, दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त कन्व्हर्टरला फारसे नाहीत. काम सुरू व्हायच्या आधी जॉब कार्डावर ‘जुना पार्ट परत’ लिहून घ्यायचं असतं. आता उशीर झालाय, तरी एकदा शांतपणे जाऊन बिलात तेवढी सूट मागा. नाही म्हणाला तर ‘कोणत्या भंगारवाल्याला दिला?’ एवढंच विचारा आणि तिथेच खुर्ची ओढून बसा.