निर्गुडीचा पाला सुजेवर खरंच काम करतो का, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत कसं तपासायचं?

गावात गुडघ्याच्या सुजेवर निर्गुडी बांधतात, त्यावर बी.फार्मचा प्रोजेक्ट करायचा आहे, असं तुम्ही विचारलंय. आधी ठरवा, सूज तपासायची की दुखणं? दोन्हींच्या चाचण्या वेगळ्या.

पाल्यापासूनच चुका सुरू होतात. कपाशीच्या धुऱ्यावरचा पाला घेऊ नका, फवारणीचं औषध त्यावर उडालेलं असतं. नाल्याकाठचा तोडा. फुलासकट एक फांदी दाबून वाळवा आणि वनस्पतिशास्त्र विभागाकडून ओळख पटवून नमुना क्रमांक घ्या. पाला सावलीतच वाळवा. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात त्यातलं सुगंधी तेल उडून जातं, आणि पावसाळ्यात थर जाड ठेवला की बुरशी धरते. मग जाडसर भरड, सॉक्सलेटमध्ये (अर्क काढायचं काचेचं उपकरण) इथेनॉल, आणि अर्क ५० अंशांच्या आत आटवायचा.

प्राण्यांची परवानगी नसेल तर अंड्याच्या पांढऱ्यावर चाचणी होते; उष्णतेने त्यातली प्रथिनं बिघडतात, ते अर्क किती रोखतो हे बघायचं. ०.२ मिलि पांढरा, २.८ मिलि फॉस्फेट बफर (पीएच ६.४) आणि २ मिलि अर्क. ३७ अंशांवर १५ मिनिटं, ७० अंशांवर ५ मिनिटं ठेवा, थंड झाल्यावर स्पेक्ट्रोफोटोमीटर यंत्रात ६६० नॅनोमीटरला गढूळपणा वाचा. गढूळपणा जितका कमी, तितकी प्रथिनं टिकली. अर्क हिरवा असतो, त्याचा रंगही यंत्र मोजतं. म्हणून अंडं न घातलेला अर्क वेगळा वाचून तो आकडा वजा करा. हे विसरल्यामुळे चांगला अर्कही नापास दिसतो. पण ही फक्त चाळणी आहे, पुरावा नाही.

उंदरांच्या मोठ्या जातीवर, म्हणजे रॅटवर, कॅरॅजीननची (सूज आणणारा, समुद्री शेवाळातला पदार्थ) चाचणी करतात. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी हवी. गटात ६ रॅट. अर्क दिल्यावर तासाभराने १ टक्का कॅरॅजीनन ०.१ मिलि मागच्या पंजाच्या तळव्यात टोचा. द्रावण काही तास आधी भिजवा, गुठळी राहिली तर सुई तुंबते. घोट्याजवळ पेनाने खूण करा आणि दर वेळी पंजा मोजणीच्या यंत्रातल्या द्रवात तिथपर्यंतच बुडवा. निम्मी गडबड इथेच होते. तिसऱ्या तासाचं माप महत्त्वाचं. सूज म्हणजे त्या वेळचं माप उणे सुरुवातीचं माप. औषध न दिलेल्या गटात ०.८० मिलि आणि अर्काच्या गटात ०.४८ असेल, तर सूज ४० टक्के रोखली गेली.

दुखण्यासाठी माउसमध्ये, म्हणजे लहान उंदरात, ०.६ टक्के ॲसेटिक ॲसिड पोटात टोचून आळोखेपिळोखे मोजतात. अर्काने गुंगी आली तरी आकडा घटतो, त्यामुळे फिरत्या दांड्यावर तोल सांभाळायची चाचणी जोडा. गरम तव्याच्या चाचणीत (५५ अंश, १५ सेकंदांनंतर उचलायचंच) तुलनेला डायक्लोफेनॅक (सूज-दुखण्यावरचं नेहमीचं औषध) ठेवू नका, तिथे त्याचा परिणाम फारसा दिसत नाही; ट्रामाडॉल (मेंदूवर काम करणारं वेदनाशामक) ठेवा.

शेवटचं, गावात पाला बांधतात, पाजत नाहीत. तोंडावाटे दिलेल्या अर्काचा निकाल लेपाच्या नावावर लिहू नका. लेपच तपासायचा तर अर्काचं जेल, अर्क नसलेलं नुसतं जेल आणि १ टक्का डायक्लोफेनॅक जेल, असे तीन गट तरी हवेत. पाला गरम करून बांधायचा असेल, तर तेवढ्याच गरम ओल्या फडक्याचा चौथा, कारण शेकानेही दुखणं हलकं होतं.