तुम्ही उठलात, त्या बसून राहिल्या

'ताई, आम्ही शाळेपासूनच्या सहा मैत्रिणी, सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या. दर महिन्याला एका शनिवारी ठाण्यात कॉफीला भेटतो. कधी राम मारुती रोडला, कधी घोडबंदरकडच्या एखाद्या मॉलमध्ये. गेल्या खेपेला मॉलच्या वरच्या मजल्यावर बसलो होतो आणि फायर अलार्म वाजायला लागला. मी पर्स उचलली, म्हटलं, चला गं खाली. एकही उठली नाही. "बस गं, टेस्टिंग असेल," म्हणाल्या. मी एकटीच जिन्याने उतरले. थोड्या वेळाने अलार्म थांबला, कुठल्याशा किचनमधला धूर होता म्हणे. वर आले तर कॉफी गार आणि सगळ्या हसतायत. तेव्हापासून ग्रुपवर माझं नाव "अग्निशमन दल". मी चिडून आग लागल्यावर काय करावं याचा लांबलचक मेसेज टाकला, तर त्यावरही हसणारे इमोजी. एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिने मात्र रात्री फोन करून सांगितलं, "मलाही उठायचं होतं गं, पण कुणीच उठेना." नवरा म्हणतो, तू उगाच घाबरतेस. मी खरंच भित्री आहे का? या शनिवारी जाऊ की नको?

ता. क. आमच्या सोसायटीतला अलार्म सारखा उगाच वाजतो म्हणून वॉचमनने बंदच करून ठेवलाय. हे चालतं का?'

तुम्ही भित्र्या नाही आहात. हे आधी सांगून टाकते, कारण तुमचं पत्र वाचताना जाणवलं की तुमचा स्वतःवरचा विश्वास डळमळलाय. यजमानांचं म्हणणं तूर्त बाजूला ठेवा. ते तिथे नव्हते.

रात्री आलेला तो फोन मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्याला एका खोलीत फॉर्म भरायला बसवायचं आणि भिंतीतल्या झरोक्यातून हळूहळू धूर सोडायचा. खोलीत एकटा असलेल्या विद्यार्थ्यांपैकी ७५ टक्के जणांनी बाहेर जाऊन धुराबद्दल सांगितलं. मग विद्यार्थ्यासोबत आणखी दोघांना बसवलं, आणि त्या दोघांना आधीच सांगून ठेवलं होतं की काहीही झालं तरी लक्ष द्यायचं नाही. अशा दहा जणांपैकी फक्त एक उठला. बाकीचे खोकले, डोळे चोळले, खिडकी उघडली आणि फॉर्म भरत राहिले. नंतर विचारलं तर म्हणाले, वाटलं वाफ असेल, एसीचं काहीतरी असेल.

तुमच्या टेबलावर तर कुणाला आधी पढवलेलंही नव्हतं. प्रत्येकीने दुसरीकडे पाहिलं, ती शांत दिसली, म्हणजे तिला नक्की काहीतरी माहीत असणार असं समजून आपणही शांत राहिली. पाचही जणींना काहीच माहीत नव्हतं. फोन करणारी त्यांच्यातली एक. आणखी एखादी असेल, तिने फोन केला नाही इतकंच.

तरी मैत्रिणींना अगदीच निष्काळजी म्हणू नका. दिवसभर आपल्या कानांवर इतकं काही वाजत असतं की कान निबर होतात. रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचं गाणं असतं, मांजर बॉनेटवर चढलं म्हणून रात्री बोंबलणारी कुणाची तरी कार असते. २०२३ साली सरकारने मोबाइलवर आपत्तीच्या इशाऱ्याच्या चाचण्या घेतल्या, आठवतं? सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले, लोकांनी शेजाऱ्याच्या फोनकडे पाहिलं, बटण दाबलं आणि पुन्हा रील्स सुरू. याउलट कुकरची शिट्टी आपण गप्पांच्या भरातही मोजतो, कारण तिसऱ्या शिट्टीला उठून गॅस बारीक करायचा हे हाताला ठाऊक असतं. मॉलमधल्या अलार्मनंतर काय करायचं हे कुणीच ठरवलेलं नसतं, म्हणून मग विनोद होतात.

आणि हो, बहुतेक अलार्म खोटेच निघतात. त्या खोट्याची किंमत एक गार कॉफी. खऱ्या अलार्मची किंमत मुंबईने डिसेंबर २०१७ मध्ये मोजली. लोअर परळच्या कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागली आणि १४ माणसं गेली. त्यातली बरीचशी स्वच्छतागृहात आसरा घेऊन गुदमरली. माणूस ज्वाळांच्या आधी धुरानेच जातो. म्हणून काय झालंय याची चौकशी खाली उतरल्यावर करायची.

आता तुमच्या दुखण्याकडे येते. पत्रात तुम्ही अलार्मबद्दल लिहिलंय, पण तुम्हाला लागलंय ते दुसरंच. एवढ्या वर्षांच्या मैत्रिणी, आणि तुम्ही एकट्या जिना उतरत असताना एकीनेही खाली फोन करून 'कुठे आहेस गं?' विचारलं नाही. याचं वाईट वाटणारच. त्या हसल्या त्यात थोडी लाजही असणार. आपण बसून राहिलो हे बरोबर केलं की चूक, याची खात्री त्यांनाही नव्हती. तुम्ही हसण्यावारी नेलं गेलात की तो प्रश्नच उरत नाही.

पण तो लांबलचक मेसेज नको होता, बाई. त्याने तुम्ही वर्गशिक्षिका झालात आणि त्या मागच्या बाकावरच्या मुली. मग मागचा बाक जे करतो ते त्यांनी केलं. मेसेजमधली माहिती बरोबरच असेल, पण दुखावलेल्या माणसाने पाठवलेली माहिती कुणी माहिती म्हणून वाचत नाही.

ज्या मैत्रिणीने फोन केला तिला शनिवारच्या आधी भेटा. तिने तुमची बाजू घेऊन भांडावं असं मुळीच नाही. तुम्हाला फोनवर जे सांगितलं तेवढंच तिने सगळ्यांसमोर सांगावं, 'मलाही उठायचं होतं.' हे तुम्ही सांगितलंत तर चुगली होईल. तिने सांगितलं तर बाकीच्यांनाही आपापल्या मनातलं बोलायला वाट मिळेल. ती तयार नसेल तर सोडून द्या, तिच्या मागे लागू नका.

राहिलं ते टोपणनाव. खरं सांगू? नाव तसं वाईट नाही. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोट झाला, त्यात ६६ अग्निशामक जवान गेले. अग्निशमन सप्ताह आजही त्या तारखेला सुरू होतो. पण तुम्हाला ते टोचत असेल तर ग्रुपवर एका ओळीत लिहा, 'हे नाव काढा, मला आवडत नाही.' पुढे इमोजी नको, मागे स्पष्टीकरण नको. जुन्या मैत्रिणी आहेत, काढतील.

शनिवारी जाच. गेला नाहीत तर तुमच्या गैरहजेरीत तो किस्सा आणखी रंगेल. विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर एकदा त्यांच्याबरोबर हसा, दुसऱ्यांदा हसू नका. आणि बसल्या बसल्या वेटरला विचारून ठेवा, जिना कुठल्या बाजूला आहे. कुणी खुसखुसलं तर खुसखुसू द्या.

पुन्हा कधी अलार्म वाजलाच तर सगळ्यांना मिळून 'चला' म्हणू नका. सगळ्यांना सांगितलेलं कुणालाच लागू होत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मैत्रिणीचा हात धरा आणि शेजारच्या एकीला नाव घेऊन सांगा, 'तू हिची पर्स घे, आपण निघतोय.' लिफ्ट वापरायची नाही, म्हणजे जिन्यावर सगळ्यांत जास्त वेळ तिला लागणार, तेव्हा तिने आधी निघायला हवं. टेबलावरून तिघी उठल्या की उरलेल्या तिघींना बसून राहणं अवघड जातं. धूर खरंच दिसला तर खाली पोचल्यावर १०१ किंवा ११२ला फोन करा, मॉलवाल्यांनी केला असेलच असं धरून चालू नका.

तुमचा ताजा कलम. नाही, हे अजिबात चालत नाही, आणि यात वॉचमनला दोष देऊ नका. त्याची झोपमोड होते, त्याला जमलं ते त्याने केलं. २००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही इमारतीच्या मालकाची, म्हणजे तुमच्या सोसायटीची जबाबदारी आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून 'फॉर्म बी' हा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन दलाकडे द्यावा लागतो. कमिटीकडे शेवटच्या 'फॉर्म बी'ची प्रत मागा. उगाच वाजण्यामागे बहुधा डिटेक्टरमधली धूळ, किडे नाहीतर पावसाळी ओल असते, ते साफ करून किंवा बदलून घेता येतात. सेक्रेटरी 'बघतो' म्हणाले तर अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.