क्वार्टरबॅकचा हात कमी पडतोय की रिसीव्हरवरचा विश्वास?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा न्यू जर्सीत हायस्कूलच्या ज्युनिअर व्हार्सिटी (मुख्य संघाच्या खालच्या) अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू आहे. साइडलाइनकडे (मैदानाच्या बाजूच्या रेषेकडे) रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, फेकलेला पास पोचेपर्यंत बचावपटू मध्ये हात घालतो, दोन-तीन इंटरसेप्शन झाली (म्हणजे पास विरुद्ध संघानेच झेलला), आणि सगळे म्हणतात 'आर्म स्ट्रेंग्थ' कमी आहे. तर जिम आणि खासगी थ्रोइंग कोच लावावा, की त्याचा रिसीव्हरवर विश्वास बसत नाहीये?

त्याला खेळताना न बघताही माझा कौल विश्वासाकडे आहे. पण माझ्या अंदाजावर जाऊ नका. हे फोनवर मोजता येतं, कसं ते खाली सांगतो. नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं होईल.

आधी मैदानाचा हिशोब, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. मैदान १६० फूट रुंद. हायस्कूलमध्ये हॅश मार्क (मैदानावरच्या खुणांच्या दोन ओळी, प्रत्येक खेळी त्यांच्यावर किंवा त्यांच्यामधून सुरू होते) त्याचे तीन सारखे भाग करतात, म्हणजे प्रत्येक भाग ५३ फूट ४ इंचांचा. एनएफएलमध्ये (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये) हॅश मार्क मध्यभागी, एकमेकांपासून फक्त साडेअठरा फुटांवर असतात. त्यामुळे टीव्हीवर जो 'आउट' (सरळ पळून साइडलाइनकडे काटकोनात वळायचा रूट, म्हणजे रिसीव्हरची ठरलेली वाट) सहज पोचताना दिसतो तो शाळेच्या मैदानावर बराच लांब पडतो. समजा चेंडू डाव्या हॅशवर आहे आणि रिसीव्हर उजव्या साइडलाइनकडे १२ यार्डांचा आउट पळतोय. क्वार्टरबॅक सात यार्ड मागे सरकलेला, म्हणजे उभं अंतर १९ यार्ड. आडवं अंतर साइडलाइनच्या दोन यार्ड आत धरलं तरी साडेतेहतीस. कर्ण काढला की साडेअडतीस यार्ड, म्हणजे ३५ मीटर! नाव बारा यार्डांचं आणि फेक अडतीसची. हाच रूट त्याच हॅशवरून डाव्या, जवळच्या साइडलाइनला फेकला तर पावणेपंचवीस यार्डांत काम होतं. तेव्हा ती इंटरसेप्शन कुठल्या हॅशवरून कुठल्या बाजूला फेकताना झाली, हे पहिल्यांदा बघा. तिन्ही लांबच्या बाजूची असतील तर आधी कोचशी बोला. या वयाच्या बहुतेक मुलांना ती फेक नियमितपणे द्यायलाच नको.

आता वेगाचा हिशोब. तुमचा मुलगा ताशी ७२ किलोमीटरने (अमेरिकन मापात ४५ मैल) फेकतो असं धरू. हवेचा विरोध सोडून दिला तर ३५ मीटरला पावणेदोन सेकंद लागतात. वर्षभर घाम गाळून त्याने वेग ८० किलोमीटरवर नेला, तर वाचतो तो सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा. तेवढ्यात पळणारा बचावपटू सव्वा मीटर कापतो. सव्वा मीटर म्हणजे थोडं नाही, हे मान्य. पण हाच मुलगा रिसीव्हर वळून, मान फिरवून, दोन पावलं मोकळा झालेला 'दिसल्यावर' चेंडू सोडत असेल, तर तो दर वेळी अर्धा सेकंद उशीर करतोय. अर्ध्या सेकंदात बचावपटू साडेतीन मीटर येतो. इतका उशीर कुठलाच खांदा भरून काढत नाही.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर पॉइंटचा क्षेत्ररक्षक नॉन-स्ट्रायकरच्या यष्टीवर चेंडू फेकतो तेव्हा बोलर अजून तिथे पोचलेला नसतो. फेक यष्टीवर असते, माणसावर नाही, आणि बोलर पोचणार हे गृहीत असतं. तो पोचल्यावर फेकायचं ठरवलं तर रनआउट विसरा. क्वार्टरबॅकचा विश्वास म्हणजे एवढंच. यात भावनिक काही नाही.

मोजायचं असं. फोन स्लो मोशनला, २४० फ्रेमवर लावा. क्वार्टरबॅकच्या मागे, शक्यतो बाकड्यांवर उंच उभं राहा, म्हणजे तो आणि रिसीव्हर दोघं एका चौकटीत येतील. रिसीव्हर वळण घेण्यासाठी पाय रोवतो (आउटला आतला पाय रोवतात, म्हणजे उजवीकडे जायचं तर डावा) ती फ्रेम शोधा. मग चेंडू हातातून सुटतो ती फ्रेम. मधल्या फ्रेम मोजा. २४ फ्रेम म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्सा. चेंडू पाय रोवायच्या क्षणी किंवा जरा आधी सुटत असेल आणि तरीही बचावपटू पोचत असेल, तर हात किंवा अंतर हा प्रश्न आहे. पाय रोवल्यानंतर ७०-८० किंवा जास्त फ्रेमनी सुटत असेल तर जिमची फी वाचवा. पण दहा-बारा फेकी मोजा, एका फेकीवरून निकाल देऊ नका.

उशीर निघाला, तर लगेच मुलाला दोष देऊ नका. त्याचा विश्वास का बसत नाही, हे रिसीव्हरच्या पायांत शोधावं लागतं. शाळेच्या रिसीव्हरचा एक आउट १२ यार्डांवर वळतो, पुढचा दहावर, तिसरा साडेतेरावर. अशा माणसाच्या भरवशावर कोण आंधळेपणाने फेकेल? दुसरी खोड म्हणजे वळण गोल घेणं. पाय रोवून काटकोनात तुटण्याऐवजी तो घाटातल्या एसटीसारखा वळतो, वळून झाल्यावरही पुढे सरकत राहतो, आणि बचावपटू आतून चेंडूच्या वाटेत घुसतो. आउट सपाट हवा, किंबहुना चेंडूकडे एखादा यार्ड परत यायला हवा. अशा वेळी आकडेवारीत इंटरसेप्शन मात्र क्वार्टरबॅकच्या नावावर लागतं.

दुरुस्ती कंटाळवाणी आहे. रिसीव्हरने यार्ड मोजायचे नाहीत, पावलं मोजायची. सुरुवातीला तोच पाय पुढे, वळणापर्यंत पावलं दर वेळी तेवढीच. क्वार्टरबॅकचीही पावलं ठरलेली असतात: सेंटरच्या (चेंडू मागे देऊन खेळी सुरू करणाऱ्याच्या) लगेच मागून चेंडू घेतला तर तीन पावलांना पाच-सहा यार्डांचे झटपट रूट, पाच पावलांना दहा-बारा यार्डांचे, सात पावलांना त्याहून लांबचे. शॉटगनमध्ये तो आधीच मागे उभा असतो, म्हणून दोन-दोन पावलं कमी करा. मागचा पाय टेकला, की एक छोटी उडी किंवा तीही नाही, आणि फेक.

सराव तीन टप्प्यांत करावा असं माझं मत. पहिल्यांदा रिसीव्हर नकोच: पकडायच्या जागी कचऱ्याचा मोठा डबा ठेवा आणि पावलांच्या तालावर दहा फेकी. मग डबा काढून तिथे रिसीव्हर येऊ दे, बचावपटू न ठेवता. इथे एकच नियम: तो वळायच्या आत चेंडू हातातून सुटलाच पाहिजे, चुकला तरी चालेल. पहिल्या आठवड्यात निम्मे चेंडू कुंपणाला लागतील. मुलाला ते लाजिरवाणं वाटतं आणि तो हळूच पुन्हा 'बघून' फेकायला लागतो, तिथेच टोका. बचावपटू तिसऱ्या टप्प्यात. पेटन मॅनिंग आणि मार्विन हॅरिसन या जोडीचे ११२ टचडाउन (चेंडू मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवून मिळणारे गुण) आहेत, क्वार्टरबॅक आणि रिसीव्हरच्या जोडीचा एनएफएलमधला विक्रम. ते दोघं असे बिनबचावाचे रूट शेकड्यांनी घोटायचे.

विश्वासाची दुसरी पायरी अवघड आहे, कारण काही रूटमध्ये रिसीव्हरला पर्याय असतो. बचाव माणसागणिक असेल तर पळत राहा, क्षेत्रागणिक असेल तर दोन बचावपटूंमधल्या फटीत थांब. एकाने 'माणूस' वाचलं आणि दुसऱ्याने 'क्षेत्र', की चेंडू थेट बचावपटूच्या छातीवर. ही चूक मैदानावर सुधारत नाही. दोघांना शेजारी बसवून व्हिडिओ दाखवा, स्नॅपच्या (सेंटर चेंडू मागे देतो त्या) क्षणी थांबवा, आणि दोघांना एकमेकांचं न बघता कागदावर उत्तर लिहायला लावा. दहात आठ उत्तरं जुळेपर्यंत तो रूट सामन्यात नको.

हाताचं महत्त्व मी शून्य धरत नाही. 'कव्हर टू' नावाच्या बचावात कॉर्नर (कडेचा बचावपटू) खाली आणि सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) वर असतो, साइडलाइनजवळ अठरा-वीस यार्डांवर त्यांच्यामध्ये जी फट उघडते तिथे सपाट, जोरकस चेंडूच लागतो. उंच फेकला की सेफ्टी पोचतो. वारा असेल, किंवा पाय न रोवता पळता-पळता फेकायचं असेल, तरी तेच. क्वार्टरबॅक जॉश ॲलनने २०१८ च्या कंबाइनमध्ये (एनएफएलमध्ये येऊ बघणाऱ्यांच्या चाचणीत) ताशी ६२ मैल, म्हणजे जवळजवळ १०० किलोमीटरने चेंडू फेकला. ४००-४२५ ग्रॅमचा चेंडू, आपल्या सीझन बॉलच्या अडीचपट वजनाचा! पण त्याच वर्षी त्याचे पास पूर्ण होण्याचं प्रमाण होतं ५२.८ टक्के. २०२० मध्ये ते ६९.२ वर गेलं. हात तोच होता. पायांची शिस्त आली होती, आणि स्टेफन डिग्ज संघात आला होता, ज्याने त्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक १२७ झेल घेतले. उलट जामार्कस रसेल: हातात तोफ, २००७ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला क्रमांक, आणि २०१० मध्ये ओकलंडने सोडून दिला तेव्हा खात्यात १८ टचडाउन आणि २३ इंटरसेप्शन.

कमजोर हाताचं उदाहरण हवं तर चॅड पेनिंग्टन बघायला सांगा मुलाला. खांद्याच्या शस्त्रक्रिया झालेला माणूस, २००८ मध्ये मायामीला आला. आदल्या वर्षी १ विजय आणि १५ पराभव असलेला संघ ११-५ वर गेला, आणि पूर्ण मोसमात त्याची इंटरसेप्शन फक्त सात. पण पुढचंही सांगा: प्लेऑफमध्ये बाल्टिमोरविरुद्ध एकाच सामन्यात चार. आधीच्या अंदाजावर फेकणाऱ्याचे डोळे वाचता येतात, आणि समोर एड रीडसारखा सेफ्टी असला तर तो वाचतोच. त्यामुळे वेळेवर फेकणं जमलं, की पुढचा धडा डोळ्यांचा: स्नॅपनंतर सेफ्टीकडे किंवा उलट्या बाजूला बघायचं, शेवटच्या पावलाला मान फिरवायची. हे न शिकवता नुसतं 'लवकर फेक' म्हणालात तर इंटरसेप्शन वाढतील.

मोजणीत हातच कमी निघाला, तरी डंबेल्सआधी बाजूने घेतलेला व्हिडिओ बघा. चेंडू डोक्यावरून जात असेल तर बहुधा पुढचं पाऊल फार लांब पडतंय आणि वजन मागच्या पायावर अडकलंय. चेंडू हवेत डगमगत असेल तर तळवा चेंडूला चिकटलाय. बोटं शिवणीवर, तळव्यात आणि चेंडूत फट दिसली पाहिजे. कोपर खांद्याच्या खाली घसरत असेल तर जोर मनगटातून काढायची धडपड चाललीय. या वयात जोर जातो तो मुख्यतः कंबर आणि खांदे एकदम फिरवल्यामुळे. आधी कंबर, मग खांदा, शेवटी हात, हा क्रम लागला की वजन न उचलताही चेंडूचा आवाज बदलतो. पूर्ण जोराच्या फेकी मी दिवसाला तीस-चाळीसवर थांबवेन. खांद्यात दुखत असेल तर त्या दिवशी एकही नाही, आणि दुखणं टिकलं तर डॉक्टर. वाढीच्या वयातलं हाड आहे.

तुम्ही शेवटी विचारलंय की ऑफ-सीझनला फ्लॅग फुटबॉल (पाडण्याऐवजी कमरेचं फडकं ओढायचा प्रकार) खेळू द्यावं का. २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये असल्यामुळे सध्या त्याची हवा आहे. खेळू द्या, पण एक बघा: आंतरराष्ट्रीय नियमांच्या फ्लॅगमध्ये मैदान फक्त २५ यार्ड रुंद असतं आणि क्वार्टरबॅकला फेकायला सात सेकंद मिळतात. सात सेकंदांत रिसीव्हर मोकळा 'दिसतोच', म्हणजे जी सवय मोडायची तीच पक्की होते. तिथेही तुम्ही साइडलाइनला उभं राहून तीनपर्यंत मोजा, आणि तीनच्या आत चेंडू सुटला नाही तर खेळ संपेपर्यंत तुमच्या वहीत ती फेक चुकलेली धरा, झेल झाला तरी.