स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) भाच्याला मनोरुग्णालयात जबरदस्तीने ठेवता येतं का?
सराफा बाजाराच्या गर्दीत कान दाबून किंचाळला, एवढ्यावर? नाही हो. इंदूर असो की कुठंही, २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा बौद्धिक अपंगत्वाला मानसिक आजार मानतच नाही. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता बौद्धिक अपंगत्वातच मोडते. मनाविरुद्ध भरती करायची तर गंभीर मानसिक आजार हवा, शिवाय त्याला किंवा इतरांना शारीरिक इजेचा खरा धोका, किंवा स्वतःची काळजी घेता न आल्याने त्याला होणारा धोका. मनोविकारतज्ज्ञ धरून दोघा तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासायला हवं, आणि तेही आधी ३० दिवसांपर्यंतच. त्याविरुद्ध मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते. शेजारी काहीही म्हणोत, कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. आमच्या स्वमग्न मुलाला पंख्याची घरघरसुद्धा सोसत नाही. पंखा बंद केला, दिवा मंद केला की दहा मिनिटांत मांडीवर डोकं ठेवतो.