'सारखा' नसला तर अलंकार ओळखायचा कसा?

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे : 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा, हे मुलांना पाठ आहे. पण ओळीत असा शब्द नसला की ती अडतात. काय करावं?

माझ्या मते ही खूणच आधी बाजूला ठेवावी, कारण ती दोन्ही बाजूंनी फसवते. 'राजू सारखा रडतो' यात 'सारखा' आहे, अलंकार नाही. 'राजू भावासारखाच उंच आहे' यात तर तुलनाही आहे, तरी उपमा नाही. दोघं माणसंच, उंची पट्टी लावून बघता येते. 'राजू ताडासारखा उंच आहे' म्हटलं की मात्र उपमा झाली. माणूस कुठे, ताड कुठे! ही तीन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि फरक मुलांनाच सांगू द्या.

मग बहिणाबाई चौधरींची ओळ घ्या : 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर'. इथे 'सारखं' नाही की 'जणू' नाही. मन म्हणजे ढोरच, म्हणून रूपक. पण नाव सांगून थांबलात तर मुलांच्या हाती काही लागत नाही. ढोराचं नेमकं काय मनाला लागू पडतं, ते विचारा. शिंगं? दूध? उत्तर पुढच्याच ओळीत आहे : 'किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर'. 'वढाय' म्हणजे ओढाळ, पिकात घुसायची खोड लागलेलं. अशा जनावराच्या गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवत. शहरातल्या मुलांना हे सांगावंच लागतं, आणि 'गळ्यात लोढणं' हा वाक्प्रचार कुठून आला तेही तिथेच उलगडतं. 'उभ्या' या शब्दावरही जरा थांबा. कापणी झालेल्या रानात ढोर शिरलं तर शेतकरी एवढा कशाला धावेल?

त्यानंतर त्याच कवितेतलं 'मन पाखरू पाखरू' द्या. तेच मन ढोरही आणि पाखरूही, हे कसं? ढोर हाकललं तरी त्याच जागी येतं. पाखरू 'आता व्हतं भुईवर, गेलं गेलं आभायात'. गुण वेगळा दाखवायचा होता म्हणून उपमान, म्हणजे ज्याची उपमा द्यायची ती गोष्ट, बदललं. हे मुलांच्या तोंडून आल्यावरच उपमेय (ज्याचं वर्णन करायचं ते, इथे मन), उपमान, समान गुण हे शब्द फळ्यावर लिहा. तोवर त्यांची गरज पडत नाही.